हप्ता चालू, घर भाड्याने: घोडबंदर रोडवरच्या एका फ्लॅटची फाइल

मे २०२४ च्या पहिल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मामा, तू बँकेत होतास ना? एक विचारू? ठाण्याचं घर भाड्याने देतोय, डिपॉझिटचे पंधरा लाख मिळतायत. सरळ कर्जात भरून टाकू का?"

त्याची नागपूरला बदली झाली होती, निदान तीन वर्षांसाठी. कासारवडवलीचा टू बीएचके त्याने आणि त्याच्या बायकोने २०१९ मध्ये जोडीने घेतला होता. कर्ज ६० लाखांचं, वीस वर्षांचं, हप्ता ५२,००० च्या घरात. पाच वर्षं हप्ता एकदाही चुकला नव्हता, तरी शिल्लक कर्ज अजून ५३ लाखांच्या आसपास होतं. नागपूरला भाड्याचं घर घ्यायचं तर ठाण्याचं घर रिकामं ठेवणं परवडणारं नव्हतं. जूनच्या आधी मुलीची शाळाही बदलायची होती.

माझी पस्तीस वर्षं बँकेत गेली, त्यातली बरीचशी कर्जविभागात. मी पंधरा लाखांबद्दल काहीच बोललो नाही. एवढंच विचारलं, "बँकेला कळवलंस का?"

"बँकेचा काय संबंध? हप्ता तर मीच भरणार."

गृहकर्ज घेतलेल्या दहांतले नऊ जण हेच म्हणतात. खरं सांगायचं तर हप्ता वेळेवर जात असेल तोवर बँकेचा माणूस दार वाजवायला येत नाही. घोडबंदर रोडच्या कुठल्याही टॉवरमध्ये गहाण असलेले आणि भाड्याने दिलेले फ्लॅट मजल्यामजल्यावर सापडतील, आणि त्यातल्या फार थोड्या घरांची बँकेला खबर असेल. पण गोष्ट बाहेर येते ती नेमकी अडचणीच्या वेळी. व्याज कमी मिळतं म्हणून कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायला निघालात की त्या बँकेचा व्हॅल्युअर घर बघायला येतो आणि दार भलताच माणूस उघडतो. टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, मागितलात तरी तेच. आणि सर्वांत वाईट म्हणजे हप्ते थकले की.

कलम कुठे असतं

भाच्याकडे कर्जकराराची प्रत होती, कपाटाच्या वरच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, सह्या केल्यापासून न उघडलेली. रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. मेट्रो ४ च्या खांबांमधून रिक्षाला कापूरबावडीपासून पाऊण तास लागला. भाचेसुनेने चहा टाकला आणि आम्ही तिघं करार घेऊन बसलो. कलम एकोणिसाव्या पानावर निघालं, बारीक टायपात: बँकेच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय मालमत्ता विकणार नाही, पुन्हा गहाण टाकणार नाही, भाडेपट्ट्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सने देणार नाही, ताबा सोडणार नाही.

"लिव्ह अँड लायसन्स" हे शब्द तिथे होते, आणि तेच महत्त्वाचे. पुष्कळांचा समज असतो की आपण भाडेकरार थोडाच करतोय, नुसतं लायसन्स देतोय. कायद्यात हा फरक खराच आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे लायसन्स म्हणजे जागा वापरायची नुसती मुभा, जागेत हक्क नाही. पण बँकेच्या वकिलाने दोन्ही शब्द घातले असतील तर हा फरक आपल्या कामाचा राहत नाही.

"मामा, हे कलम नसतं तर?" भाचेसुनेने विचारलं. प्रश्न बरोबर होता.

कलम नसतं तर १८८२ च्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६५-अ लागू झालं असतं. गहाण ठेवणाऱ्याच्या कायदेशीर ताब्यात घर असेल तोवर तो ते भाडेपट्ट्याने देऊ शकतो आणि तो पट्टा गहाण घेणाऱ्यावरही बंधनकारक ठरतो, असं ते कलम सांगतं. पण मोकळं रान देत नाही. वाजवीपणे मिळू शकेल तेवढं चांगलं भाडं घ्यायचं, पागडी घ्यायची नाही, भाडं आगाऊ उचलायचं नाही, नूतनीकरणाचं वचन द्यायचं नाही, पट्टा सहा महिन्यांत सुरू व्हायला हवा आणि इमारतीचा पट्टा तीन वर्षांहून जास्त नको. या सगळ्यावर पुन्हा एक मेख आहे: गहाणाच्या कागदात वेगळं ठरलं असेल तर कागद वरचढ. बँका नेमकं ते वेगळं ठरवूनच घेतात. तरीही ६५-अ वाचून ठेवावं असं माझं मत आहे, कारण बँक संमती देताना मनात काय मोजते ते त्या अटींत दिसतं. घर उद्या विकावं लागलं तर त्याची किंमत या भाडेकरूमुळे घसरणार आहे का? सगळा हिशेब एवढाच.

शाखेतली तोंडी परवानगी

सोमवारी भाचा शाखेत गेला. काउंटरवरच्या मुलाने हसत सांगितलं, "सर, त्याची काही गरज नाही, सगळेच देतात." भाच्याने लगेच मला फोन केला, काम झालं म्हणून.

काम झालं नव्हतं. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता, पण करारात "लेखी पूर्वसंमती" असा शब्द असताना तोंडी "चालतं" याला शून्य किंमत आहे. तो मुलगा सहा महिन्यांत दुसऱ्या शाखेत जाईल आणि कागद तुमच्या नावाने राहील. अर्ज दे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घे, असं मी त्याला सांगितलं.

त्याने अर्ज दिला. मात्र मला न दाखवता. एजंटने केलेला कराराचा मसुदा हाताशी होता, तो त्याने तसाच जोडला. आठ दिवसांनी कर्ज केंद्रातून दोन आक्षेपांसह अर्ज परत आला. अर्जावर सहकर्जदाराची सही नव्हती. आणि "सुरक्षा अनामत रक्कम बाजारभावाशी विसंगत".

पहिला आक्षेप साधा. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज दोघांच्या नावावर, मग अर्ज एकट्याचा कसा? भाचेसून म्हणाली, "मी घरीच होते, मला विचारायचं तरी." त्यावर भाचा गप्प बसला.

दुसऱ्या आक्षेपापाशी मात्र थांबायला हवं.

पंधरा लाखांचा हिशेब

ठाण्यात हेवी डिपॉझिट ही जुनी चाल आहे. भाडेकरू मोठी रक्कम एकरकमी ठेवतो, भाडं कमी देतो आणि जाताना रक्कम बिनव्याजी परत घेतो. या फ्लॅटला सरळ भाडं ३२,००० आणि डिपॉझिट लाखभर असा भाव होता. एजंटने आणलेला माणूस कापडाचा व्यापारी. त्याचा प्रस्ताव डिपॉझिट १५ लाख आणि भाडं १८,००० असा होता.

भाच्याला त्यात कर्ज कमी होताना दिसत होतं. मी त्याला पाकिटाच्या मागच्या बाजूवर हिशेब मांडायला लावला. नेहमीपेक्षा १४ लाख जास्त हातात येणार. त्यासाठी दर महिन्याला १४,००० भाडं सोडायचं, म्हणजे वर्षाला १,६८,०००. चौदा लाखांवर ते पडतं १२ टक्के. बँकेचं कर्ज साडेआठ टक्क्यांचं. म्हणजे व्यापाऱ्याकडून बारा टक्क्यांनी पैसे उसने घेऊन साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडायचं! पेन खाली ठेवून तो थोडा वेळ पंख्याकडे बघत बसला.

एवढ्यावर भागत नाही. अकरा महिन्यांनी व्यापारी निघाला तर १५ लाख आणायचे कुठून? कर्जात भरलेले पैसे बँक परत देत नाही. नवा टॉप-अप मागावा लागेल किंवा दुसरा हेवी डिपॉझिटवाला शोधावा लागेल. आणि रक्कम हातात पडेपर्यंत जुना माणूस घर सोडणार नाही. त्याच्या जागी मीही सोडलं नसतं.

आता हेच बँकेच्या बाजूने बघा. कर्जदारावर आधीच ५३ लाखांचं कर्ज आहे. त्यावर आणखी १५ लाखांचं देणं चढतं, तेही घरात राहणाऱ्या माणसाचं. डिपॉझिट म्हणजे आगाऊ भाडं नव्हे, असा युक्तिवाद एखादा वकील करील आणि शब्दार्थाने तो बरोबरही असेल. पण भाडं मुद्दाम कमी आणि एकरकमी पैसा जास्त, हा प्रकार ६५-अ ला जे नको आहे त्याच्या अगदी शेजारचा आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखालचे भाडेकरू बसलेल्या इमारती तारण म्हणून यायच्या. पागडी देऊन बसलेला माणूस म्हणजे काय, ते आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. कागदावर मालमत्ता लाखोंची, आणि लिलावाला कुणी फिरकत नसे. तो कायदा जाऊन २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, लिव्ह अँड लायसन्सवाल्याला बाहेर काढायला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे वेगळा मार्ग झाला, मुदत संपूनही बसून राहिला तर दुप्पट शुल्क लागू झालं. तरी बँकांच्या हाडात ती जुनी भीती आहे, आणि ती अगदीच निराधार नाही.

व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. एजंट दोन दिवस फोन उचलेना.

भाडेकरूनेच मागितलं बँकेचं पत्र

पुढचा माणूस चांगला निघाला. ऐरोलीच्या एका कंपनीतला इंजिनिअर, बायको आणि एक लहान मूल. घर कंपनी घेणार होती, म्हणजे लायसन्सी कंपनी आणि राहणारा कर्मचारी. भाडं ३२,०००, डिपॉझिट तीन महिन्यांचं, ९६,०००. कंपनीच्या ॲडमिन विभागाने कागदांची यादी पाठवली. इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा), मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं पत्र आणि चौथ्या क्रमांकावर "घर गहाण असल्यास बँकेची एनओसी".

घर गहाण आहे हे लपवता आलंच नसतं. मूळ कागद बँकेत ठेवून गहाण केलं की महाराष्ट्रात त्याची सूचना नोंदणी कार्यालयात दाखल होते. शिवाय सरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत बोजा चढतो. कंपनीचा वकील शोध घेतल्याशिवाय राहत नाही.

कंपनी एवढी काटेकोर का, असं भाच्याला वाटलं. मला त्यात शहाणपण दिसलं. कर्ज ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक, होतं. मग बँक सरफेसी कायद्याखाली, म्हणजे कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेण्याच्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस देऊ शकते, आणि त्या नोटिशीनंतर कर्जदाराला बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर भाड्याने देताच येत नाही. आधीपासून राहणाऱ्याचं काय, यावर सर्वोच्च न्यायालयात बरीच घुसळण झाली. २०१४ च्या हर्षद गोवर्धन सोंडागर निकालात म्हटलं की गहाणाआधीचा किंवा ६५-अ ला धरून झालेला भाडेपट्टा बँकेच्या कारवाईने आपोआप संपत नाही. २०१६ मध्ये विशाल कळसारिया प्रकरणात भाडे कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूच्या बाजूने कौल गेला. २०१९ च्या बजरंग श्यामसुंदर अग्रवाल निकालात तीन न्यायाधीशांनी गाठी आवळल्या: तोंडी किंवा नोंदणी नसलेल्या कराराच्या भरवशावर बसलेल्याला वर्षापलीकडे ताबा मागता येणार नाही. यातलं जे थोडंबहुत संरक्षण आहे ते भाडेपट्ट्याच्या भाडेकरूला. लायसन्सवाल्याचा हात त्याहून तोकडा. म्हणून घर घेण्याआधी मालकाच्या बँकेचं पत्र मागणारा भाडेकरू मला नेहमीच समजूतदार वाटत आला आहे. दुर्दैवाने असे कमीच.

दुसरा अर्ज आम्ही नीट बसून लिहिला. कर्ज खात्याचा क्रमांक, बदलीच्या आदेशाची प्रत, वर्षभराचा हप्त्यांचा उतारा, नव्या मसुद्याची प्रत, कंपनीचे आणि राहणाऱ्या माणसाचे ओळखीचे कागद, दोघांच्या सह्या. मसुद्यात मी तीन वाक्यं आपणहून घालायला लावली. घर अमुक बँकेकडे गहाण असल्याचं लायसन्सीला माहीत आहे. या करारातून भाडेकरूचा हक्क निर्माण होत नाही. बँकेने कायद्याने ताबा मागितला तर लायसन्सी घर सोडेल आणि डिपॉझिटची मागणी मालकाकडे करील, बँकेकडे नाही. बँकेच्या माणसाला जे लिहून घ्यायचं असतं ते आधीच लिहिलेलं दिसलं की फाइल टेबलावर रेंगाळत नाही.

नऊ कामकाजाच्या दिवसांनी पत्र आलं. थोडी प्रक्रिया फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. भाच्याने २४ महिने मागितले होते, बँकेने ११ दिले. पुढच्या वेळी पुन्हा कळवा म्हणाले. फक्त लिव्ह अँड लायसन्स, फक्त निवासासाठी, डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नाही, पोटभाडेकरू नाही, नोंदवलेल्या कराराची प्रत ३० दिवसांत द्यायची, आणि भाडं आलं नाही तरी हप्ता ठरल्या तारखेलाच. व्याजदर बदलणार का, हे आम्ही अर्जातच विचारलं होतं. तो आहे तसाच राहील, असं पत्रात स्पष्ट लिहून आलं. हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. पुढे घोळ नको.

बाकीची धावपळ

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज ठाण्यात अजून जिवंत आहे. देशाच्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या पट्ट्याला सूट आहे, तिथून तो आला. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मुळे प्रत्येक करार लेखी आणि नोंदवलेला हवा. जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड.

मुद्रांक शुल्क पाव टक्का. अकरा महिन्यांचं भाडं ३,५२,०००, डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज ८,८००, मिळून ३,६०,८००. त्यावर सुमारे ९०० रुपये. नोंदणी फी १,०००. एजंटचा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. भाच्याचा अंगठा लगेच लागला. भाचेसुनेचा तीनदा नापास झाला. घर आवरायला काढलेलं, आठवडाभर खोकी बांधून आणि भांडी घासून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. शेवटी तिने साबणाने हात धुतले, अंगठ्याला खोबरेल लावून पुसलं, आणि चौथ्यांदा हिरवा दिवा लागला. "पाच वर्षं हप्ता भरताना कुणी माझा अंगठा नाही मागितला," ती म्हणाली.

पोलीस ठाण्याची भाडेकरू माहिती ऑनलाइन भरली. सोसायटीचं प्रकरण थोडं तापलं. व्यवस्थापकाने महिन्याला १,५०० नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचा आकार, सांगितला. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही आणि त्यात पालिकेचे कर धरायचे नाहीत. बिलात सेवा शुल्क ३,१०० होतं, म्हणजे ३१०. आदेशाची प्रत पुढे केल्यावर वाद मिटला.

कंपनी भाड्यातून दहा टक्के टीडीएस कापणार होती. तेव्हाची मर्यादा वर्षाला २,४०,००० होती, आणि सहमालकांचे हिस्से ठरलेले असतील तर ती प्रत्येकाला वेगळी लागते. निम्मं-निम्मं भाडं दोन खात्यांत जाऊ लागलं आणि कपात थांबली.

आयकराचं एक सांगतो, कारण भाच्याला इथेच अनपेक्षित फायदा दिसला. तो नव्या करप्रणालीत होता. तिथे स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. घर भाड्याने गेल्यावर मात्र व्याज भाड्यातून वजा होतं. पूर्ण वर्षाचं गणित असं: भाडं ३,८४,०००, त्यातून ३० टक्के प्रमाण वजावट गेली की २,६८,८०० उरतात, आणि व्याज होतं ४,४५,००० च्या आसपास. घराचं करपात्र उत्पन्न शून्य. उरलेला तोटा नव्या प्रणालीत पगारातून कापता येत नाही. जुन्या प्रणालीत २ लाखांपर्यंत कापता आला असता, शिवाय नागपूरच्या भाड्याचा एचआरएही. कुठली प्रणाली सोयीची, ते त्याने आपल्या सीएला विचारून ठरवलं. मी त्यात पडलो नाही.

भाडं ३२,०००, हप्ता ५२,०००. वरचे २०,००० आणि नागपूरचं घरभाडं पगारातून. हप्त्याच्या खात्यात कायम दोन हप्ते शिल्लक ठेव, एवढं मात्र मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. सप्टेंबरमध्ये कंपनीच्या कुठल्याशा सॉफ्टवेअर बदलामुळे भाडं तेवीस दिवस उशिरा आलं. हप्ता पाच तारखेलाच गेला.

मे २०२५ मध्ये करार संपला. इंजिनिअरला राहायचं होतं. पाच टक्के वाढवून भाडं ३३,६०० ठरलं. या वेळी बँकेचा अर्ज भाचेसुनेनेच लिहिला, दोघांच्या सह्या घेऊन स्कॅन करून शाखेला पाठवला, वर टपालाने मूळ प्रतही. पोच मिळाल्यावर तिने मला फोटो पाठवला. शिक्का उलटा पडला होता, पण तारीख वाचता येत होती.